आईची साक्ष

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि त्या वर्षी पाऊस नव्हता. आईच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं. आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक म्हणाले, "दुष्टात्मा हाय. उपासानंच निघंल." तीन दिवस त्यांनी तिला उपाशी ठेवलं, पाणीही घोटभरच दिलं. ती ओरडली की "सैताना, गप!" म्हणून तिच्या तोंडात मारायचे. चौथ्या दिवशी मी तिला एसटीनं लातूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत ते आवाज थांबले.

मग एका रविवारी पाळक भर उपासनेत म्हणाले, "प्रार्थनेनं भूत पळालं. आता बाईनं साक्ष द्यावी."

आईच्या आधी मी उठले. पिशवीतली गोळ्यांची पाकिटं काढून त्यांच्या बायबलशेजारी ठेवली आणि त्यांनी तिला कसं मारलं ते सगळ्यांना सांगितलं. पाळकांनी मान खाली घातली. पुढच्या रविवारी अर्धी बाकं रिकामी होती. लवकरच त्यांची बदली झाली.

"माफ कर त्यांना," आई म्हणाली. "गोळ्याबी देवानंच दिल्या न्हाई का?"

तिनं माफ केलं. मी केलं नाही. त्यांची ती खाली गेलेली मान आठवली की मला अजूनही बरं वाटतं.