भोंग्यावरून मागितलेली माफी

मनोहरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी सभेच्या पत्रकांना घड्या घालत होते. वक्ते म्हणून खाली त्यांचंच नाव होतं… ते न खोडता मी पत्रकं वाटली.

पिपरी मेघेत काका आमचे शेजारी. कारकुनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली जुनी फियाट आमच्या ‘गाव तिथे वाचनालय’ मोहिमेला दिली. टपावर भोंगा बांधून आम्ही गावोगाव फिरायचो. मागच्या हिवाळ्यात जाम गावच्या चौकात काकांचं भाषण रंगात आलं आणि भोंगा मुका झाला. बॅटरी उतरली होती, आणि ती तर नवी, तिथल्याच गजाननभाऊंच्या दुकानातली! दुसऱ्या दिवशी ती बाहेरून चार्ज करून आणली आणि काकांनी त्याच चौकात गरजून सांगितलं, “या दुकानातून बॅटरी घेऊ नका! फसवून राह्यला हा!”

संध्याकाळी गजाननभाऊ मीटर घेऊन काकांच्या दारात हजर. इंजिन चालू, तरी मीटरचा काटा वर सरकेना. बॅटरीत काही भरतच नव्हतं. पट्टा घट्ट होता, वायरी धड होत्या. मग त्यांनी इंजिन बंद करून नुसती चावी फिरवली.

“काका, हा चार्जिंगचा लाल दिवा काऊन लागत नाई?”

“तो? डोळ्यात खुपे. मीच काढून फेकला.”

“अहो, त्याच दिव्यातून अल्टरनेटरले पहिला करंट भेटते, तवा तो बॅटरी भरते! माही बॅटरी काय हवा खाऊन जगन?”

नवा दिवा बसवला. तो लागला, इंजिन सुरू होताच विझला, आणि काटा वर चढला.

आमच्या मंडळातले म्हणाले, मोहिमेचं हसं होईल, दुकानात जाऊन हळूच माफी मागा. काका उसळले, “बदनामी भोंग्यावर अन् माफी कानात? असं कसं जमन?”

सकाळी जामच्या चौकात भोंगा घुमला, “बॅटरी चांगली होती. गजानन खरा हाय. चूक माही!” दुकानातून गजाननभाऊ हात जोडत धावले, “बस्स करा काका, गिऱ्हाईक हासून राह्यले!”

सत्तेला जाब विचारणाऱ्यानं आधी स्वतःला विचारावा, हे मी शंभर पत्रकांत वाचलं होतं. पाहिलं त्या दिवशी.

आता फियाट मी चालवते. गेल्या आठवड्यात एका गावात मी भोंग्यावरून तावातावानं सांगत होते की या गावानं वाचनालयाला खोली नाकारली. एक बाई गाडीसमोर उभी राहिली. “ताई, चुकीचं सांगून राह्यल्या तुमी. कालच ठराव झाला. देल्ली ना खोली!”

मी आवाज पूर्ण वाढवला आणि त्याच भोंग्यावरून अख्ख्या गावाला सांगितलं, “माझी चूक झाली!”


इतक्या आनंदानं मी आजवर काहीच जाहीर केलं नव्हतं.