पिशवीखालचा हात

"परत लाव गं, पोरगं हललं असंल," अंगणवाडीच्या बाई म्हनल्या. समू माज्या काखेत पाय हलवत व्हता, काट्याला वजनाची रिकामी पिशवी लटकत व्हती, आन माजा डावा हात— ह्यो हातच सांगायचाय मला तुमाला. आजपातुर कुनाला सांगितला न्हाय. नवऱ्याला न्हाय, आईला न्हाय. देवापुढं बसले तरी दुसरंच काय तरी मागून उठले.

थांबा. आसं मधूनच सुरू केलं तर कळायचं न्हाय. पन मला जवा आठवतं तवा हितूनच आठवतं, काय करू?

समू म्हंजी माज्या जावंचं पोरगं. जाऊ रेश्मा, धाकट्या दिराची बायको, बार्शीची. मी थोरली, सांगोल्याकडची. दोघींचे नवरे सोलापुरात एकाच टॉवेलच्या कारखान्यात, दोन खोल्यांचं घर, शेगडी एकच, आन मधी सासू— तिला आमी आत्या म्हनतो. माजी आरू आन तिचा समू एकाच म्हैन्यात झाले. दोघी एकाच तव्यावरची भाकरी खायचो, तरी तिचं लेकरू लोन्याचा गोळा आन माजं बारीक. आजारी न्हाय हो. हसायची, खेळायची, रांगाय तर त्येच्या आदी लागली. पन बारीक. दारावरनं कुनी बी गेलं की हात आदी समूकडं. आत्या उंबऱ्यात बसली की समू मांडीवर, आरू शेजारी सतरंजीवर. मांडी काय एकच असती का मानसाला?

तुमाला वाटंल, एवढ्यावरनं कोन जळतं. मी जळले. खरं सांगते, तेलाची बाटली आंघोळीला घेतली तरी मी बगायचे, तिनं समूला किती लावलं.

आता अंगणवाडीचं सांगते. मी नववीपातुर शिकले, दहावीला बसायच्या आदीच लगीन लागलं. पन भागाकार येतो मला. ते अंगणवाडीच्या बाईंना कळलं आन त्येंनी मला वजनाच्या दिवशी मदतीला घेतलं. दाराच्या कडीला काटा अडकवायचा, लेकराला पिशवीत घालायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा. बाई लिहून घेनार. त्येंना वर मीटिंगला सांगावं लागायचं— पन तितं एकेका लेकराचं कोन ऐकत बसतंय? म्हनून सगळ्याचं सार काढायचं. ते त्येंनी मला शिकवलं. म्हनल्या, समज सात बायांनी आपापलं दूध एका पातेल्यात वतलं आन सारखे सात पेले भरले, तर एका पेल्यात येतंय ती सरासरी. कुनी किती वतलं ते पेल्याला कळत न्हाय. आन दुसरी रीत म्हंजी लेकरं हलक्यापासनं जडापातुर वळीनं उबी करायची, आन अगदी मदी कोन हाय ते बगायचं. आन तिसरं, सगळ्यात जड आन सगळ्यात हलकं ह्येच्यात अंतर किती. झालं. तीन गोष्टी सांगितल्या की आख्खी अंगणवाडी डोळ्यापुढं येती.

लई आवडायचं मला ते. लगीन झाल्यापासनं पयल्यांदा कुनी तरी माज्या डोक्याला काम दिलतं.

आमच्याकडं एका वर्षाच्या आतली, जवळजवळ एकाच वयाची सात बाळं व्हती. एका म्हैन्याला त्येंची सरासरी आठ किलो आली. आरू सात किलो आठशे. म्हंजी खाली. माजं तोंड उतरलेलं बगून बाईंनी मला वळ मांडून दावली— तीन बाळं आरूपेक्षा हलकी, तीन जड. आरू मधोमध. मी इचारलं, मदी हाय तर मग सरासरीच्या खाली कशी? बाई म्हनल्या, "समूमुळं गं. एकटा पावनेधाला टेकलाय, त्येनं सगळ्यांची सरासरी वर वडली. तुजी पोरगी चांगली हाय. कशाला घाबरतीस?"

मला समजलं. चांगलं समजलं. न समजतं तर बरं झालं असतं. माज्या पोरीत काय कमी नव्हतंच— त्या एका पोराच्या आकड्यानं तिला खाली ढकललं व्हतं. घरात बी तेच, कागदावर बी तेच.

पुढं आयांची बैठक झाली. आत्या बी आलती. बाईंनी सरासरी सांगितली, आत्यानं सगळ्यांदेखत मला इचारलं, आपली किती? मी सांगितलं. आन मदी हाय म्हनून बी सांगितलं, पन ते मधलं-बिधलं कुनाच्या डोक्यात शिरतंय? आठ कळतं, आठाच्या खाली कळतं. आत्या म्हनली, "म्हंजी आमचा समू दोघांचं खातोय म्हना की." सगळ्या हसल्या. रेश्मा बी हसली, तोंडाला पदर लावून. तिच्या मनात काय नव्हतं, हे आता कळतं. तवा मला ती हसली एवढंच दिसलं.

त्याच सुमाराला रेश्माला काम लागलं. आमच्या गल्लीच्या टोकाला टॉवेलाच्या कडा शिवायचं एक शेड हाय. एक काकी चालवतात, सगळ्या बायाच. रेश्मा मशीन बार्शीतच शिकलेली. समूला माज्याकडं ठिवून जायची, म्हनायची, आक्का हाय म्हनून तर मी जाती. पयल्या पगारात नवी पेठेतनं सोताला चपला आनल्या आन आरूला फ्रॉक. फ्रॉक ढगळा झाला. रेश्मा म्हनली, राहू दे आक्का, भरंल की ती. भरंल. मी तो फ्रॉक घडी घालून ट्रंकेत तळाला टाकला. आरूच्या अंगाला कदी लागू दिला न्हाय.

आता हाताचं सांगते. सांगतेच.

आमच्या माहेरी शेरडं-मेंढरं. व्यापारी बोकड घ्यायला आला की आकड्याला टांगून वजन करायचा, आन बोकड हलतंय म्हनून पोटाखाली तळवा लावायचा. दादा, म्हंजी माजा बाप, म्हनायचा, "पावनं, हात काडा." त्या तळव्यात किलो-दीड किलो कसं गुपचूप जातं ते मी ल्हानपनापासनं बगितलेलं. आमा पोरींना कामच ते, व्यापाऱ्याच्या हातावर नजर ठिवायची. पन अंगणवाडीत माज्या हातावर कोन नजर ठिवनार? लेकराचं वजन वाढवून सांगनाऱ्या आया असतात, कमी कोन करंल?

त्या दिवशी समू पिशवीत लई वळवळ करत व्हता. पडंल म्हनून मी खालनं हात लावला. आसंच म्हनत आले मी सोताला इतकी वर्सं— पडंल म्हनून. काटा आठ किलो दोनशेवर थांबला आन मी तो आकडा मोठ्यानं वाचला. बाईंनी मान वर केली. मागच्यापेक्षा दीड किलो कमी? पोराला ना ताप, ना हगवन. बाईंची एक रीत व्हती— एकादा आकडा बाकीच्यात बसंना की पयलं काट्यावर संशय घ्यायचा, मग लेकरावर. त्येंनी रिकामी पिशवी लावून बगितली. काटा सरळ शून्यावर. म्हनून म्हनल्या, परत लाव.

तीच ती येळ. मी समूला परत पिशवीत घालाय लागले. आता खरं वजन आलं तर बाई इचारतील, मग मघाशी काय झालतं? माज्या हाताकडं बगतील. काम जाईल, आत्याला कळंल, नवरा काय करंल— सगळं एका दमात डोक्यातनं गेलं. तुमी असता तर काय केलं असतं? घाबरला असता का न्हाय? तुमी तरी—

न्हाय. तुमाला इचारत न्हाय. तुमी हात काडला असता.

भीती व्हती, खोटं न्हाय. पन भीतीच्या आदी माज्या डोक्यात भागाकार झालता. समू आठ दोनशे धरला तर सातांची सरासरी खाली येती, आन माजी आरू तिच्या वर जाती. थोडीशी, पन वर. ते मला त्या दाराशी उबं राहून, लेकरू काखेत धरून, आपोआप कळलं. आन ग्वाड वाटलं. पयल्यांदा हात गेला तो कसा गेला ते देव जाने. दुसऱ्यांदा मी तो घातला. तेवढाच, तसाच, जोर मोजून. आन म्हनले, "आठ दोनशेच हाय बाई."

पोरगं माज्याकडं बगून हसत व्हतं.

संध्याकाळी बाई घरी आल्या. म्हनल्या, पोरगं तर टवटवीत दिसतंय, पुढच्या म्हैन्याला परत बगू, उतरलं तर दवाखाना, तवर घरी नीट लक्ष द्या. एवढंच. पन आत्याला तेवढं पुरलं. कामाला जाती, मशीन चालवती, आन लेकराला सुकवती— जेवायच्या ताटावर, नळावर, येनाऱ्या-जानाऱ्याजवळ तेच. दीर बी बोलंना झाला तिच्याशी. रेश्मा मागच्या खोलीत समूचे दंड चाचपून चाचपून बगायची. मला म्हनली, "आक्का, मी नसताना खात न्हाय का गं तो?"

तवा तरी सांगता आलं असतं. ते पोरगं माज्या हातनं वाटीभर भात चाटूनपुसून खायचं. मी म्हनले, "तुजी वाट बगतो. घास तोंडातच धरून बसतो."

दुसऱ्या दिवसापासनं ती कामाला गेली न्हाय.

आन पुढचं तर ऐका. पुढच्या वजनाला मी दोन्ही हात पाठीमागं धरले. काटा धाच्या जवळ गेला. जानारच की, पोराचं वजन कदी घटलंच नव्हतं. पन बाईंना काय दिसलं? आई घरी राहिली, लेकरू भरलं. फळ्यावर त्येंनी तीन ठिपके काडले, एक वर, एक खाली, एक परत वर, आन आयांना समजून सांगितलं. रेश्माला उबं केलं. ती हात जोडून म्हनली की माजी चूक झालती, कुनी आसं करू नगा. तीन ठिपक्यांतला एक खोटा, आन त्या एका खोट्यावरनं सगळी गल्ली शिकली. मी खाली मान घालून आरूचं झबलं सारखं करत बसले. आरू परत सरासरीच्या खाली गेलती. आन तुमाला सांगते, त्या क्षनाला बी मला त्याचंच वाईट वाटलं. रेश्माचं न्हाय.

आता पोरं चार वर्सांची हायेत, दोगं बी बालवाडीत. वजनं आता सारकीच, आरू उंच झालीया. रेश्मा अजून समूला नजरेआड होऊ देत न्हाय. जेवला न्हाय तर तिला बी घास उतरत न्हाय. शेडातल्या काकींनी मदी तिला परत बोलावलं, तवा तिनं नको म्हनून माज्याकडंच निरोप दिला. मी गेले, सांगितलं. आन तितंच उंबऱ्यात उबं राहून इचारलं, माज्यासाठी जागा हाय का.

तिच्या मशीनवर आता मी बसते. कड कशी दुमडायची ते मला रेश्मानंच शिकवलं, सुईत बोट घालशील आक्का म्हनून माजा हात धरून. बालवाडी सुटली की आरू तिच्याजवळ असती. मी घरी आले तरी पोरगी तिच्या मांडीवरनं उठत न्हाय, आन मी अजून तशीच जळते. त्याच रेश्मावर. अजून.

मागल्या आठवड्यात शेजारची नवी सून शेडात काम हाय का इचारायला आमच्या घरी आली, कडेवर सहा म्हैन्याचं लेकरू. मी काय बोलायच्या आदी रेश्मानं तिला खाली बसवलं आन समूचं सगळं सांगितलं. पोरगी ऐकत व्हती, लेकराचा दंड चाचपत व्हती. मग रेश्मा माज्याकडं वळली. "आक्का, तूच वाचला व्हतास की काटा. सांग की हिला. दीड किलो उतरला व्हता का न्हाय?"

मी म्हनले, व्हय.

ती पोरगी शेडात आली न्हाय.