सूचनाताईच्या आवाजाचं फोल्डर

बसस्टँडावर तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारलीच नाही. सगळ्यांची ती सूचनाताई. काचेच्या खुराड्यात माइकपुढं बसून उभा जन्म तिनं लोकांना त्यांच्या गाड्या दाखवल्या, हरवलेल्या पोरांच्या आया गोळा केल्या. नवरा त्याच स्टँडावरचा ड्रायव्हर. तो चारचौघांत सांगायचा, "लग्नाआधीपासून हीच मला फलाटाला लावत आली. अजून मागं घेऊ देत नाही."

मग घशाचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि गाठीबरोबर आवाजही गेला. जीव वाचला हे काय कमी होतं? पण ताईला आता पाटीवर लिहून बोलावं लागे, आणि पाटीवर माणसाला धड टोमणासुद्धा मारता येत नाही. ती लिहून होईस्तोवर नवरा भलत्याच विषयावर पोचलेला असायचा. हळूहळू तिनं पाटी उचलणंच कमी केलं. घर गप्प झालं.

कपाटात एक हार्डडिस्क पडून होती. स्टँडावर नवी यंत्रणा आली, तेव्हा साहेबांनी ताईच्या जुन्या रेकॉर्डिंगची प्रत आठवण म्हणून तिच्या हातात दिली होती. त्यात एकेक शब्द सुटा सुटा बोललेला. गाडी, फलाट, उशिरा, कृपया, थांबावे. संगणक ते जोडायचा आणि सूचना व्हायची. सून घरबसल्या वेबसाइट बनवायची. तिच्या मनात आलं, असं एक पान करू की आईंनी टाइप करावं आणि त्यांचेच शब्द त्यांच्याच आवाजात वाजावेत.

ताईनं पाटी पुढं केली. 'माझा आवाज नेटवर जाता कामा नये. उद्या कुणीही माझ्या तोंडून काहीही वदवेल.'

"जाणार नाही, आई. दाखवतेच तुम्हाला."

सुनेनं डिस्क संगणकाला जोडली आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं. "बघा, ह्या पानाला मी डिस्कचा पूर्ण पत्ता दिलाय. फोल्डर कुठंय ते त्याला ठाऊक आहे. तरी उघडता येतंय का बघा."

पान कोरंच राहिलं.

"ब्राउझर त्याला हात लावू देत नाही. मी बनवलेलं असलं तरी नाही. माणसानं स्वतः बटण दाबायचं, स्वतः फोल्डर दाखवायचं. दाखवलं तेवढंच दिसतं, शेजारचं नाही."

ताई पडद्याजवळ सरकली. स्टँडावर तिच्या खुराड्याची कडी कुणी कधी वाजवली नव्हती. साहेब दार ढकलून आत यायचे, शिपाईसुद्धा यायचा. आणि हे एवढंसं पान, पत्ता खिशात असून उंबऱ्याबाहेर उभं होतं.

तिनं बटण दाबलं. फोल्डर निवडलं. ब्राउझरनं पुन्हा विचारलं, ह्या पानाला ह्या फायली बघू द्यायच्या का? सुनेनं उठून राउटरची पिनच भिंतीतून उपटली. "आता तर बाहेर जायला वाटच नाही."

ताईनं होकाराचं बटण दाबलं. शब्दांची नावं पडद्यावर भराभरा उतरू लागली, सुट्टीच्या आदल्या दिवशी स्टँडावर माणसं उतरतात तशी. तिनं टाइप केलं, 'गाडी उशिरा येत आहे'.

आवाज आला, पण कसा? गाडी. उशिरा. येत. आहे. प्रत्येक शब्द जमिनीवर आपटलेला. ताईनं कपाळाला हात लावला.

"प्रत्येक शब्द तीनतीनदा होता," सून चाचरली. "मला वाटलं, त्याच त्या फायली आहेत. म्हणून हाताला लागलं ते एकच फोल्डर घेतलं."

ताईला हसू आलं. ऑपरेशनपासून तिचं हसणं नुसतं खांद्यांतून हलायचं. तिनं पडद्यावर आतली फोल्डरं दाखवली. सुरुवात, मध्ये, शेवट. वाक्य सुरू होताना 'गाडी' वर चढते, मध्ये सपाट चालते आणि शेवटाला खाली उतरते. म्हणून एकच शब्द तिनं तीन चालींत बोलून ठेवला होता. सुनेनं 'शेवट'च्या फोल्डरातलेच शब्द ओळीनं उभे केले होते.

"म्हणजे मी प्रत्येक शब्दालाच शेवटचा स्टॉप दिला," सून म्हणाली आणि दुरुस्तीला बसली.

कपभर चहा निवेपर्यंत पान पुन्हा तयार झालं. पानानं कोणता शब्द कोणत्या फोल्डरातून घ्यायचा ते ओळखलं.

"गाडी उशिरा येत आहे."

ताईचे हात मांडीवर पडले ते तसेच राहिले. बत्तिशी शाबूत असतानाचा, भरल्या घागरीसारखा तिचा आवाज. इतकी वर्षं तो ह्याच घरात कपाटात होता, चादरींच्या मागं. तिचं नरडं कापलं तेव्हा त्याला ओरखडाही आला नव्हता. तिनं नकळत गळ्यावर बोटं टेकवली. तिथं काहीच हललं नाही, आणि खोलीभर ती बोलत होती.

मग तिनं 'मी' टाइप केलं. पान गप्प. 'माझा'. गप्प. एवढे शब्द बोलली, पण स्वतःबद्दलचा एकही नव्हता. सून ओशाळली. ताई मात्र शब्दांच्या यादीवरून बोट फिरवत राहिली, आहे त्यात काय होतंय ते बघत. नवरा गच्चीत दोरीवर कपडे वाळत घालत होता. तिनं आवाज मोठा केला.

"चालकांनी कृपया त्वरित आत यावे."

गच्चीत बादली पडली. तो दारात आला तो ओला टॉवेल खांद्यावर घेऊनच. त्यानं सुनेकडं पाहिलं, संगणकाकडं पाहिलं, मग बायकोच्या मिटलेल्या ओठांकडं पाहत राहिला. टॉवेलचं पाणी फरशीवर गळत होतं.

तो तिच्यासमोर खुर्चीवर बसला. स्टँडावर त्या आवाजाला उत्तर द्यायची कधी सोयच नव्हती, फार तर हॉर्न वाजवायचा. त्यानं घसा साफ केला.

"बाई," तो म्हणाला, "आता पुढं कुठं जायचं आम्ही?"

ताईनं एकेक अक्षर शोधत टाइप केलं.

"गाडी येथेच थांबेल."