पितृपक्षातली उमेदवारी

सरकारी कचेरीत एखादी गोष्ट साध्या कारणाने घडू शकते, यावर आमच्या कल्याणात कोणाचाही विश्वास नव्हता. माझाही नव्हता, आणि आता म्हातारपणीही फारसा बसलेला नाही.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे रोज कचेरीत जाऊन कारकुनांची कामे फुकट करायची आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. त्यामुळे म्हाताऱ्या कारकुनांच्या प्रकृतीची आमच्याइतकी आस्थेने चौकशी त्यांच्या घरचेही करीत नसतील. मला घाई होती. पंचवीस वर्षे पुरी झालेल्या माणसाला नव्याने चाकरीत घेत नसत, आणि मला मार्गशीर्षात पंचवीस पुरी होत होती.

त्या श्रावणात खोकल्याने बेजार झालेल्या एका कारकुनाने नोकरी सोडली आणि ठाण्याहून कलेक्टरसाहेबांच्या कचेरीचा हुकूम आला. तो वाचण्यासाठी मामलेदारांनी नवी पगडी घातली. पट्टेवाला "चूप!" म्हणून ओरडला, बोलत कोणीच नव्हते. हुकूम एवढाच होता की, सप्टेंबरअखेर ज्याच्या उमेदवारीला तीन वर्षे पुरी होतील त्यानेच अर्ज करावा.

माझी तीन वर्षे दसऱ्याला पुरी होणार होती, आणि दसरा ऑक्टोबरात होता. खरे तर कचेरीत मी त्याआधीच जाऊन बसू लागलो होतो, फक्त नाव लिहवले नव्हते. तीन वर्षांपूर्वी तेव्हा पितृपक्ष चालू होता. आजोबांच्या श्राद्धाच्या दिवशी सकाळी मी बाबांना विचारलेही होते, "आज नाव घालून येऊ का?"

"आज?" पंचांग पाहिल्याशिवाय नखेही न काढणारे बाबा म्हणाले, "डोके फिरले का रे तुझे? घरात पिंड मांडलेत आणि हा निघाला चाकरी धरायला! दसऱ्याला जा."

दसऱ्याला मी एकटा नव्हतो. सगळ्यांच्याच घरी पंचांग होते. आमच्या बाकावरचे बहुतेक सारे त्या एकाच दिवशी कपाळाला गंध लावून आले होते, आणि आमच्या आधीचे एव्हाना नोकरीला चिकटले होते.

"ही तारीख माप घेऊन शिवली आहे," माझ्या शेजारचा उमेदवार कुजबुजला. "भाच्यासाठी."

भाचा म्हणजे अव्वल कारकुनांचा भाचा, आमच्याच बाकावरचा. तेवढ्यात तोच मामांच्या खोलीतून पडल्या तोंडाने बाहेर आला. "मामा म्हणतात, दसऱ्याचे नाव चालायचे नाही. माझेही गेले."

"असे तोंड करायला मामांनीच शिकवले असेल," शेजारी म्हणाला.

मग कोपऱ्यातून एकजण हळूच बोलला, "माझे नाव पक्षातले आहे."

हा डोंबिवलीच्या एका भिक्षुकाचा मुलगा. अंगावर एकच सदरा, अक्षर बरे, बोलणे कमी.

"पक्षात नाव घालतो काय रे कोणी?" भाचा खेकसला.

"आम्ही घालतो. आमची सुगी तीच."

त्या दिवसापासून बाकावर दुसरे काम झाले नाही. त्याचे वडील अव्वल कारकुनांकडे श्राद्धाला जेवतात, असे एकाने सांगितले. मामलेदारांकडेही जेवतात, असे दुसऱ्याने. तिसऱ्याच्या मते साहेबांच्या खानसाम्याशी त्यांची ओळख होती. ज्या भटजींच्या पायात धड वहाण नव्हती, त्यांचा हात आम्ही आठवडाभरात ठाण्यापर्यंत पोहोचवला.

शेवटी मी स्वतः ठाण्याला गेलो. नौपाड्यात मावशीकडे उतरलो आणि सकाळी अर्ज घेऊन कलेक्टर कचेरीत उभा राहिलो. ज्या कारकुनाच्या हातून तो हुकूम निघाला होता तो पान चघळत होता.

"रावसाहेब, ही सप्टेंबरअखेरच का धरली?"

"महिना संपतो म्हणून."

"पण ऑगस्टअखेर नाही, ऑक्टोबरअखेर नाही, सप्टेंबरच का?"

"तिमाही संपते म्हणून." त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. "तुम्ही दसऱ्याचे ना? सकाळपासून तुम्ही तिसरे."

अर्ज त्याने न उघडताच परत दिला. इतके सरळ उत्तर सरकारी माणसाकडून मिळाल्यावर ज्याला संशय येणार नाही असा मनुष्य निदान आमच्या तालुक्यात नव्हता. परतीच्या वाटेवर माझी खात्रीच झाली की, काहीतरी शिजले आहे.

भाद्रपद संपत आला. आजोबांच्या श्राद्धाला, तीन वर्षांपासून येत होते तसे, डोंबिवलीचे तेच भटजी आले. मुलाची नेमणूक आता ठरल्यासारखीच होती, पण भटजींच्या जेवणात काही फरक पडलेला दिसला नाही. मी वाढत होतो. खीर वाढताना माझा हात जरा आखडला. बाबांनी मात्र त्यांचे आचवून होईपर्यंत दम धरला.

"भटजी, राग मानू नका. पण मुलाचे नाव पक्षात घालायला तुम्हाला कोणी सांगितले होते?"

"सांगणार कोण, यजमान?" भटजी पंच्याला हात पुसत म्हणाले. "त्या वर्षी याच श्राद्धाला तुमच्याकडेच तर आलो होतो. तुमचे दुसरे ब्राह्मण आयत्या वेळी आले नाहीत, म्हणून पान रिकामे नको असे तुम्हीच म्हणालात आणि पोराला बसवून घेतलेत. डोंबिवलीहून पुन्हा पायपीट कोण करतो? जेवलो आणि तसाच त्याला कचेरीत घेऊन गेलो."

म्हणजे आमच्या घरून. त्याच दुपारी. मी ओसरीवर त्यांची उष्टी पाने उचलत होतो तेव्हा.

भटजी दक्षिणा घेऊन आशीर्वाद देत गेले. मार्गशीर्षात माझे वय उलटले आणि खाडीकाठच्या एका लाकडाच्या वखारीत मी हिशेब लिहू लागलो. पण भटजी गेले त्या दुपारी बाबा त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. मला वाटले, आता दसऱ्याबद्दल एखादा शब्द बोलतील. ते आत वळून स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "अगं, त्या वर्षी यांनाच बोलवा असे कोणी सुचवले होते, आठवते का?"

"तुम्हीच," आई आतून म्हणाली.

"ते झाले," बाबा म्हणाले. "पण मला कोणी सुचवले?"