आत्याची चिमूट

आमची आत्या एका इंग्रजी शब्दावर अख्खं नागपूर चालवते. खोटं वाटत असेल तर जरीपटक्यात कोणत्याही कापडवाल्याला विचारा. तो आधी घाम पुसेल, मग बोलेल.

शब्द तिला माझ्या मुलीनं दिला. मुलगी घरीच इंग्रजी बोलण्याचे वर्ग घेते. एका दुपारी ती बायकांना ‘फील’ शिकवत होती. हात लावून बघणं म्हणजे फील, अंगात कसकस वाटणं म्हणजे फील, मनाला लागणं फील, आपलं मत सांगायचं तरी फील. आत्या मागे बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, “काहून वं, एवढं सगळं एकाच शब्दात होते, तर बाकीची इंग्रजी कशाले शिकवून राहिली?”

त्या दिवशी वर्गातल्या निम्म्या बायका फी परत मागणार होत्या, असं मी तरी सगळ्यांना सांगतो.

तेव्हापासून चहाला फील नाही, कुलरच्या हवेला फील नाही. मुलीला बघायला सावनेरचा मुलगा आला, त्याच्या पाठीवर थाप मारून आत्यानं जाहीर केलं, “याले फील आहे.” लग्न ठरलं!

खरं म्हणजे शब्द नवा असला तरी विद्या जुनी होती. आत्या कापड चिमटीत धरायची, चुरगाळायची, सोडायची. बस. तेवढ्यात तिला सूत कळायचं, कापड कडक दिसावं म्हणून लावलेली खळ कळायची, दुकानदाराची नियतही कळायची. कामठीला ती बहिणीकडे गेली की गल्लीतले विणकरांचे माग आपोआप सरळ चालू लागत. आमच्या घराण्यात नवरीचा शालू आत्याच्या चिमटीतून गेल्याशिवाय घेतलाच जात नाही. माझ्या बायकोचा गेला, माझ्या बहिणींचे गेले. लहानपणी मला ताप आला की मात्र ती हात लावायची नाही. माझ्या कपाळाला गाल टेकवायची आणि ताप किती ते सांगायची. थर्मामीटर लाजून डबीत परत जायचा.

तर मुलीच्या लग्नाचा शालू घ्यायला आम्ही जरीपटक्यात गेलो. आत्याला बघून दुकानदारानं आधी पंखा वाढवला आणि मग देवाला हात जोडले. पहिला शालू उलगडला. ट्रकवर बांधली तर पावसाळा निघून जाईल, अशी ती ताडपत्री होती. आम्ही सगळे आत्याच्या तोंडाकडे बघत बसलो. तिनं चिमूट लावली, चुरगाळलं, सोडलं.

“चांगला आहे,” ती म्हणाली. “फील आहे याले.”

दुकानदाराच्या हातून कात्री पडली. बायकोनं मला कोपर मारलं. दुसरा शालू आला, लोण्यासारखा. आत्यानं तो चिमटीत धरला, चोरून दुकानदाराचा चेहरा बघितला आणि म्हणाली, “हाही बराच आहे.”

मी थट्टा करणार होतो. पण मुलगी गादीवर सरकत तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, “आत्याआजी, काय झालं?”

आत्या शालूकडे बघतच बोलली. “दिवाळीपासून बोटं बधिर झाली वं पोरी. कापड धरलं का हवा धरली, काई समजून नाही राहिलं. सांगू नको कोणाले. एवढ्याच कामाले तर बोलावता मले. आता कोण विचारीन?”

मी ऐकलं. बायकोनं ऐकलं. दुकानदारानंही ऐकलं असावं, कारण तो भलत्याच फळीवरची धूळ पुसू लागला. मी थट्टा सोडून गुमान शालूची घडी घालू लागलो. हे मी शपथेवर सांगतो, एरवी माझ्या शपथेला काही अर्थ नाही.

मुलगी म्हणाली, “उद्या डॉक्टरकडे चालायचं, शुगर तपासायची. कबूल?”

“कबूल वं बाप्पा. पण आजचं काय?”

“बाबांचा ताप तू कशानं बघायची?”

आत्यानं चष्मा काढला, पहिला शालू उचलला आणि गालाला लावला. लावला तसाच फेकला. “अरे बाप रे! सोलून निघाली असती पोरगी! हा कोणं पास केला?”

“तूच, आत्या,” मी म्हणालो.

“मी? दुपारच्या जेवणाची गुंगी असन.”

मग जे सुरू झालं! शालूमागून शालू गालाला लागत होते आणि गादीवर ढीग होत होते. “खळ आहे.” “नुसती चमक आहे.” “हा तुह्या बायकोले दाखव.” दुकानदार फळ्या रिकाम्या करत होता, विक्री बुडत होती, आणि तो लबाड आनंदानं हसत होता. शेजारच्या दुकानातली गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली. दोघीतिघींनी आपापल्या साड्या गालाला लावून बघितल्या.

शेवटी मोरपंखी रंगाचा एक शालू आला. आत्यानं तो गालाला लावला आणि काढलाच नाही. डोळे मिटले. आम्ही वाट बघतोय, दुकानदार वाट बघतोय. न राहवून तो म्हणाला, “माताजी, इसमें क्या खराबी है?”

“चूप बस नं गा,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. “मी फील करून राहिली.”