त्याला तिथे करमलं का?

शरयूकाकू कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायच्या नाहीत. ज्याला मरून कित्येक शतकं लोटली, अशा माणसाच्या घरीही त्या रव्याचे लाडू घेऊन गेल्या. तेव्हा मी सोबत होते.

अमेरिकेत, नेपरव्हिलला त्या आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहत. मिरजेच्या शाळेतल्या निवृत्त चित्रकलेच्या बाई. मी नववीत शाळा सोडलेली, नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आलेली. दाराची बेल वाजली तरी मी आतल्या खोलीत जाऊन बसायची. पहिल्याच थंडीत त्या स्टीलच्या डब्यात थालीपीठ घेऊन खाली आल्या. डबा धुऊन परत द्यायला गेले, तर झाकण उघडून म्हणाल्या, "रिकामा? अगं मंगल, चिमूटभर साखर तरी घालायचीस." तेव्हापासून तो डबा जिन्यावरून वरखाली करू लागला. दुकानात इंग्रजी बोलताना मी अडखळले की त्या मागून हळूच म्हणत, "बोल, बोल. शाळा सुटली म्हणजे वाचा गेली नाही."

दोन हिवाळे काढल्यावर त्यांनी कायमचं मिरजेला जायचं ठरवलं. परक्या मुलखात मरण नको, एवढंच त्यांचं म्हणणं. सुधीर, त्यांचा मुलगा, समजावून थकला.

"आई, तिथे तुझं आता कोण आहे?"

"आणि इथे कोण आहे? तू ऑफिसला गेलास की मी आणि तुझा हीटर."

मी तिथेच उभी होते. मग मी कोण, असं मनात आलं. त्या गेल्यावर मी दिवसभर कुणाशी बोलणार होते?

माझ्या भावाचं लग्न होतं, म्हणून काकू आणि मी एकत्रच निघालो. सुधीरने हट्टाने त्यांचं परतीचंही तिकीट काढलं. वाटेत फ्रान्सला थांबायचं, ही काकूंची अट. अंब्वाज नावाच्या जुन्या गावात इटलीच्या एका थोर चित्रकाराचं शेवटचं घर आहे. म्हातारपणी राजाच्या बोलावण्यावरून तो देश सोडून आला आणि तिथेच वारला. "जन्मभर पोरांना त्याची चित्रं दाखवली," काकू म्हणाल्या. "त्याला तिथे करमलं का, एवढं बघायचंय."

नदीकाठचं गाव, उंचावर राजाचा किल्ला, खाली विटांचं घर. दारावरच्या बाईने पिशवी तपासली आणि डबा बाहेर काढला. मी काकूंच्या मागे सरकले. काकू शांतपणे म्हणाल्या, "लाडू. फॉर द हाउस." ती बाई हसली आणि तिने डबा टेबलाखाली ठेवून घेतला.

आत काकूंनी चित्रांकडे फारसं पाहिलं नाही. स्वयंपाकघरात चुलीपाशी थांबल्या, मग त्याच्या पलंगापाशी.

"मान मिळाला, घर मिळालं," त्या पुटपुटल्या. "पण संध्याकाळी आपल्या भाषेत बोलत कुणाशी असेल?"

भिंतीवरचा इंग्रजी मजकूर त्यांनी बोट फिरवत वाचला. त्याचा एक शिष्य गावाकडून त्याच्यासोबत आला होता आणि शेवटपर्यंत राहिला होता.

"मग करमलं असेल," काकू म्हणाल्या. "एक माणूस पुरतं." आणि माझ्या खांद्याला धरून जिना उतरल्या.

निघताना डबा परत मिळाला, तो जड लागला. चार लाडू कमी होते आणि त्यांच्या जागी अक्रोड होते. काकू बाहेरच्या बाकावर बसून कितीतरी वेळ ते अक्रोड बघत राहिल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "मिरजेला महिनाभर राहीन गं. मग तुझ्याबरोबरच परत येते."

आल्या. आणि पुढच्या हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, नेपरव्हिललाच त्यांनी डोळे मिटले. शेवटी एक हात सुधीरच्या हातात होता, एक माझ्या.

डबा तेव्हा माझ्याकडे होता. तेराव्यानंतर मी त्यात लाडू भरले आणि जिना चढले. सुधीरने दार उघडलं, डबा ओळखला आणि दोन्ही हातांनी घेतला.

रविवारी आमची बेल वाजली. या वेळी मी लगेच जाऊन दार उघडलं. दारात सुधीर होता. डब्यात त्याने स्वतः केलेला, खाली लागलेला उपमा होता. तो, माझा नवरा आणि मी, आम्ही तिघांनी मिळून तो संपवला.