तिघांना दिलेला शब्द

माझे बाबा गाडी चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक बाबांच्या. बाकीचे शिकवणारे आपला ब्रेक असा दाबतात की शिकणाऱ्याचं कपाळ काचेला टेकायचंच बाकी राहतं, आणि वर विचारतात, डोळे घरी ठेवून आलात का? बाबा पाय इतका अलगद ठेवतात की शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपणच थांबवली. मग म्हणतात, "छान. घाबरायचं नाही, मी आहे ना." त्यामुळे त्यांच्याकडे भित्र्या माणसांची रांग असते. त्यातली बरीचशी टेस्टला नापास होतात आणि परत बाबांकडेच येतात, कारण इतका चांगला माणूस दुसरीकडे कुठे मिळणार?

समोरचा माणूस घाबरलेला बाबांना बघवत नाही. त्यांना ते दुखणं आतून माहीत आहे. घरातून निघताना ते कुलूप ओढून बघतात, जिना उतरतात, परत चढतात, परत ओढतात. आई म्हणते, "एक दिवस कुलूपच हातात येईल, मग बसा राखण करत."

असा माणूस शाळेच्या पालकसभेचा अध्यक्ष झाला तो केवळ अपघाताने. सगळ्यांना चालेल असा, कोणाशी वाकडं नसलेला माणूस हवा होता. वर्गात सगळे एकमेकांकडे बघत होते आणि बाबा तेवढे बुटांकडे बघत होते. नाव ठरलं.

काम म्हटलं तर छोटं होतं. आमच्या शाळेत पालकांचा धड संघ असा नव्हताच. फाटकाशी उभं राहून बोलायचं आणि फोनवरच्या ग्रुपमध्ये भांडायचं, एवढीच काय ती व्यवस्था. मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, वाटलं की आता रीतसर संघ हवा. मोठ्या बाई स्वतः करायची नसलेली सगळी कामं 'आपण' करतात. "आपण त्या खुर्च्या जरा भिंतीला लावून घेऊया," असं म्हणून त्या हाताची घडी घालून उभ्या राहतात आणि खुर्च्या भिंतीला लागतात. तशाच त्या म्हणाल्या, आपण एकदा ठरवून टाकूया, संघ कसा करायचा ते. आणि तारीख देऊन निघून गेल्या.

वाटा दोन होत्या. एक म्हणजे शिक्षक आणि पालक दोघांचा मिळून संघ, नियम आपले आपण करायचे, सभेला सगळे एकत्र. दुसरी म्हणजे फक्त पालकांचा संघ, शहरातल्या मोठ्या महासंघाला जोडलेला. त्यांचे नियम छापील, तयार. शिक्षक त्यात नाहीत. बोलावलं तर यायचं, विचारलं तर सांगायचं.

दुसरी वाट हवी होती दातांच्या डॉक्टरांना. त्यांचा मुलगा माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात, सहावीत आहे. डॉक्टर प्रश्न विचारतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत, कारण इतकी वर्षं त्यांच्यासमोरची माणसं तोंड उघडं ठेवून बसलेली. "कसं काय, बरं ना? मुली मजेत? हो ना? वा." संपलं बोलणं. आपण घशातून आवाज काढेपर्यंत ते पुढच्या माणसाच्या जबड्याशी. पण बाबांना त्यांनी एक दिवस रस्त्यात अडवून जे सांगितलं, त्यात गंमत नव्हती. पालकांचा वेगळा संघ झाला की पहिलाच ठराव सहावीच्या गणिताच्या बाईंना वर्गावरून काढा असा होणार. मुलांना काही कळत नाही, वर्गात गोंधळ असतो. बाई नवीन आहेत, कायम झालेल्या नाहीत, आणि संघाचं लेखी गेलं तर मोठ्या बाई एक दिवसही त्यांना ठेवणार नाहीत. "तुम्ही आमच्याबरोबर आहात ना? आहातच."

आणि बाबा म्हणाले, "आहे ना."

आता गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच, की गणिताच्या बाई रोज सकाळी बाबांकडेच गाडी शिकत होत्या. त्यांच्या घरापासून शाळेपर्यंत त्या चालवत आणायच्या आणि मी मागच्या सीटवर फुकटात शाळेत. बाईंच्या प्रत्येक वाक्याला शेवटी एक शेपूट असतं. "वळू ना मी? वळते मग. वळले ना?" वर्गातही तसंच, "हे कळलं ना? का नाही कळलं?" आणि मागच्या बाकावरून कोणीतरी त्यांच्याच सुरात म्हणतं, नाही कळलं ना. पण स्टिअरिंग हातात आलं की त्यांना मनातलं बोलायला सुचायचं. एका सकाळी सिग्नलला त्या बाबांना म्हणाल्या की आता वर्ग जरा बसतोय असं वाटतंय, मुलं ओळखीची व्हायला लागलीत. पालकांचं काय मत आहे कोण जाणे, तुमच्या कानावर काही आलं का? बाबा पुढच्या बसकडे बघत होते. मला आरशात त्यांचे कान लाल झालेले दिसले.

"छान चाललंय," ते म्हणाले. "काही काळजी करू नका. मी आहे ना."

हा दुसरा शब्द. तिसरा मोठ्या बाईंनी फोनवर काढून घेतला. त्यांना एकत्र संघ हवा होता, म्हणजे सभेत पालकांचा आवाज चढला की शिक्षकांना पुढे करता येतं. "आपण एकत्रच करूया, नाही का?" बाबा म्हणाले, करूया.

त्या दिवसापासून बाबांचं जेवण अर्धं झालं. फोन वाजला की ते बाथरूममध्ये जायचे. डॉक्टरांचा दवाखाना टाळायला त्यांनी शिकणाऱ्यांना अशा गल्ल्यांतून न्यायला सुरुवात केली की एका आजोबांना गाय, हातगाडी आणि सिमेंटचा ट्रक एकाच वेळी समोर आले आणि त्यांनी शिकणंच सोडलं. आईने शेवटी सगळं बाहेर काढून घेतलं. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. समोरच्याला नक्की काय दिसत नाही हे तिला लगेच कळतं.

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही तीन कोंबल्यात. आणि म्यान केवढं, तर हे एवढं."

"तुम्हाला स्वतःला काय हवंय?" असंही तिने विचारलं. बाबांना ते सांगता येईना. बाईंची नोकरी जाऊ नये, हे हवं होतं. डॉक्टर रागावू नयेत, हेही हवं होतं. मोठ्या बाई धाकटीवर डूख धरतील, ही भीती वेगळीच.

मग तालीम करायचं ठरलं, आणि अर्थात मला बोलावलं गेलं. मी टेबलाच्या पलीकडे बसून डॉक्टर झाले. बाबांनी सभेची सुरुवात केली, सर्वांचं स्वागत, आणि मी म्हटलं, "वा, वा, छान. बाईंचं काय करायचं ठरवलंत? काढायचं ना? दुखणार नाही, एका मिनिटाचं काम. हात वर करा सगळे." बाबा म्हणाले, "पण माझं म्हणणं..." मी म्हटलं, "तोंड जरा मोठं उघडा." धाकटी हसून हसून खुर्चीवरून घसरली. मी लगेच मोठ्या बाई झाले आणि म्हणाले, आपण आता मतदान उरकून आपण घरी जाऊया. बाबांच्या कपाळावर खराखुरा घाम आला. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "डॉक्टर, तुमचंही खरं आहे."

"पोरीच्या खोट्या डॉक्टरसमोर ही तऱ्हा," आई म्हणाली, "खऱ्यासमोर तर खुर्चीवर आडवेच व्हाल."

सभा शनिवारी दुपारी, सहावीच्याच वर्गात झाली. मोठी माणसं छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती. फळ्यावर कोपऱ्यात भागाकार अर्धा राहिला होता. गणिताच्या बाई नव्हत्या. शिक्षकांना कोणी बोलावलंच नव्हतं, फक्त मोठ्या बाई दाराशी उभ्या. मी पाण्याचे ग्लास द्यायला म्हणून थांबले होते.

डॉक्टरांनी दोन्ही वाटा समजावल्या, पहिली दोन वाक्यांत आणि दुसरी विसांत. बाईंचं नाव घेतलं नाही, पण 'एक विशिष्ट विषय' म्हटल्यावर सगळ्यांनी फळ्यावरच्या भागाकाराकडे पाहिलं. मग ते म्हणाले, अध्यक्ष आमच्या बाजूचेच आहेत, त्यांनी शब्द दिलाय. मोठ्या बाई दाराशीच ताठ झाल्या. असं कसं, आपलं तर बोलणं झालं होतं.

वर्ग बाबांकडे बघायला लागला. बाबांनी हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"मी दोघांनाही हो म्हटलंय," बाबा म्हणाले. "आणि अजून एकांना."

मागून कोणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं आणि मग सगळेच हसले. डॉक्टर हसले नाहीत. मग तुम्ही अध्यक्ष कसे राहणार, असं त्यांनी विचारलं, आणि नेहमीप्रमाणे उत्तराची वाट पाहिली नाही. पण बाबा खरंच उठले. टेबलामागून निघून ते बाकांमध्ये आले आणि एका बाकावर कसेबसे मावले. तिथून त्यांनी हात वर केला.

"मी आता साधा पालक. माझं मत एकत्र संघाला," ते म्हणाले. "ज्या माणसाबद्दल बोलायचं, तो माणूस खोलीत असावा, एवढंच मला... म्हणजे..." वाक्य तिथेच राहिलं.

हात मात्र वर होता आणि एकटाच होता. मग पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचा शर्ट घातलेल्या एका काकूंनी हात वर केला. त्या शेजारणीला सांगत होत्या की यांचं संपेना आणि माझी ड्युटी सुरू होईल, आणि तसंही पाठीमागे बोलायला आपल्याला फाटक आहेच की. शेजारीण हसली, तिचाही हात आला. मग बरेच आले. एकत्र संघ ठरला.

बाबांचा चेहरा क्षणभर सुटला. तेवढ्यात डॉक्टर उठले. हरकत नाही, म्हणाले, मान्य. मग पहिल्या एकत्र सभेला गणिताच्या बाईंनाच बोलवा. सगळ्यांच्या समोर विचारू. खोलीत असाव्यात ना? आणि सगळ्या वर्गाने, ज्यांनी बाबांबरोबर हात वर केला होता त्यांनीसुद्धा, मान डोलावली.

बाबांना काय झालं ते मी बघितलं. वाचवायला म्हणून ज्यांना खोलीत आणलं, त्यांना तीस माणसांच्या तोंडी दिलं होतं.

सोमवारी सकाळी गाडीत त्यांनी बाईंना सांगितलं. सगळं सांगितलं. डॉक्टर, ठराव, सभा. बाईंनी इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. सगळं पुस्तकात असतं तसं.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

बाबांनी सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी मी विचारलं तेव्हा माहीत होतं." या वाक्याला शेपूट नव्हतं. "आणखी काय सांगितलं नाहीत?"

बाबा गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण त्या दिवशी त्यांची गाठ सुटली होती. ते म्हणाले, चौकात तुम्ही थांबता तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही थांबत नाही, मी थांबवतो. तुम्हाला कळणार नाही असं.

डॉक्टरांच्या गोष्टीने बाई पांढऱ्या पडल्या होत्या. या गोष्टीने लाल झाल्या. पुढचं त्या फार हळू बोलल्या. त्यांना वाटत होतं, निदान एक गोष्ट तरी आपल्याला यायला लागलीये. एवढं बोलून त्या उतरल्या आणि पर्स घेऊन शाळेच्या दिशेने चालत गेल्या. बाबा डावीकडच्या सीटवर तसेच बसून राहिले. मी मागून म्हटलं, बाबा, मला उशीर होतोय. तेव्हा ते भानावर आले.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाईंच्या घराखाली थांबलो. त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बाबांनी लांबून पाहिलं, बाई दुसऱ्या शिकवणाऱ्यांच्या गाडीत होत्या, ते डोळे घरी ठेवून आलात का वाले. बाबांनी मला विचारलं, ते फार ओरडत असतील का गं?

एकत्र सभा झाली तेव्हा बाई आल्या, स्वतःच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, अजून एकदोघांनी विचारलं, एकाने फारच लागेल असं विचारलं. बाबा भिंतीशी उभे होते आणि प्रत्येक प्रश्नाला त्यांचे ओठ हलत होते, जणू उत्तर त्यांनाच द्यायचंय. बाईंनी दिलं. गोंधळ होतो, खरं आहे, आणि तो मला आवरता येत नाही. पोर्शन संपला पाहिजे म्हणून मी धावते, तेही खरं. पण मुलं पाढ्यांतच अडतात, आणि ते मी सांगायचं कोणाला, आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. आवाज कापत होता, थांबला नाही. पार्सलवाल्या काकूंनी विचारलं की मग पाढे आम्ही घरी घ्यायचे का, आणि तिथून बोलणं पाढ्यांवर गेलं ते बराच वेळ परत आलंच नाही. शेवटी ठरलं की वर्षअखेरपर्यंत वर्ग बाईंकडेच, आणि दर महिन्याला सहावीच्या पालकांनी त्यांच्याबरोबर बसायचं. डॉक्टरांनी 'तूर्तास' हा शब्द घालायला लावला.

बाई जाताना बाबांच्या जवळून गेल्या. नमस्कार केला, जसा त्या सगळ्या पालकांना करतात तसा.

घरी येईपर्यंत बाबांनी मला चारदा विचारलं, त्यांचा आवाज कापत होता ना? म्हणजे फार नाही ना? आपण त्यांना उघड्यावर उभं केलं का? दाराशी त्यांनी आईलाही तेच विचारलं.

आईने ताटं घेतली होती. तिने एवढंच विचारलं, "बाईंची नोकरी आहे ना?"

"आहे. तूर्तास."

"आणि तुमच्याशी बोलतात का?"

"नाही."

आईने त्यांचं ताट वाढायला घेतलं. मग म्हणाली, "हात धुऊन या."